पिपाण्यांचा गोफ आणि त्याचे माप

उत्तर अमेरिकेत बदकांच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात जो विणलेला दोर असतो त्याला तिकडे लॅनयार्ड म्हणतात, आणि त्या दोराला लोंबणारी, बदकांचे निरनिराळे आवाज काढणारी जी लहान वाद्ये असतात त्यांना नुसते कॉल. मराठीत त्यांना शिट्टी म्हणण्याचा मोह होतो, पण तो शब्द नेमका नाही. शिट्टीत फुंकलेली हवा एका धारेवर आपटून आवाज होतो, तर मॅलार्ड बदकाच्या कॉलमध्ये एक पातळ पाती थरथरते, आणि म्हणून रचनेच्या दृष्टीने हा कॉल जत्रेत मिळणाऱ्या पिपाणीचा सख्खा भाऊ ठरतो. त्याचे मुख्य भाग दोन: ओठांना लावायची पोकळ नळी, जिला बॅरल म्हणतात, आणि त्या नळीत दाबून बसवलेला, पाती धरून ठेवणारा दट्ट्या, ज्याला इन्सर्ट म्हणतात. बॅरलच्या बाहेरच्या अंगाला एक खाच असते आणि दोराचा फास त्या खाचेत बसतो. मुख्य दोरापासून खाली लोंबणाऱ्या ज्या आखूड पदराच्या टोकाला हा फास असतो त्याला ड्रॉप असे नाव आहे. एखाद्या लॅनयार्डला असे दोनच ड्रॉप असतात, तर एखाद्याला पाच-सहाही.

या दोराला मराठीत गोफ म्हणायला काही हरकत दिसत नाही, कारण पेडांची गुंफण आणि गळ्यातला दागिना हे दोन्ही अर्थ त्या शब्दात आधीपासून नांदत आहेत. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत जे गोफनृत्य होते, ज्यात वर बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके हाती धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरत गोफ विणतात आणि मग उलट्या पावलांनी तो उकलतात, ते पाहिलेल्या माणसाला चौपेडी किंवा आठपेडी वीण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेथे जे पावले करतात ते येथे बोटे करतात. उलट्या पावलांनी उकलण्याची सोयही येथे असते, आणि माप चुकल्यावर तिचाच आधार घ्यावा लागतो.

या गोफांचे खरे घर म्हणजे मिसिसिपी नदीचे खोरे. उत्तरेत वीण करून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्या बदकांचा फार मोठा लोंढा या खोऱ्याने जातो, आणि आर्कान्सॉ राज्याच्या पूर्व भागात त्यांना कापणी झालेली भातखाचरे आणि हिवाळी पाण्यात उभी असलेली ओकची राने मिळतात, त्यामुळे हिरव्या डोक्याच्या मॅलार्ड नरांचे थवेच्या थवे तेथे उतरतात. त्या भागातील स्टटगार्ट या छोट्या गावी १९३६ पासून बदकांना साद घालण्याची जागतिक स्पर्धा भरते, आणि पहिल्या वर्षीच्या विजेत्याला ६.६० डॉलर किमतीचा शिकारीचा कोट बक्षीस मिळाला होता. कोटच बक्षीस द्यावा हे गोफ विणणाऱ्याला मोठे सूचक वाटते, कारण या कामात मापाच्या ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेक कोटाचा विसर पडल्याने होतात.

प्रस्तुत लेखकाने आर्कान्सॉत असताना काही हिवाळे असे गोफ मागणीप्रमाणे विणून दिले. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीला पायबंद घातल्यानंतर वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने बदक ही दुर्बिणीतून पाहायची गोष्ट असते. नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर थंडीत उभे राहून थापट्या आणि तलवार बदके मोजण्याची ज्याला सवय, त्याच्या हाताला वीण लवकर साधली, पण ज्याच्यासाठी विणायचे त्याचे शरीर ऐन कामाच्या वेळी कसे वाकते, वळते आणि किती कपड्यांत गुंडाळलेले असते याची त्याला कल्पना नव्हती. (शिकार योग्य की अयोग्य हा प्रश्न या लेखाबाहेर ठेवला आहे, दोराच्या मापाविषयीच्या चार पानांत त्याला न्याय देता येणार नाही.)

सुरुवातीची पद्धत शिंप्याच्या पद्धतीसारखी, म्हणजे वरवर पाहता निर्दोष होती. मान पुढे झुकवली असता मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला सर्वांत ठळक लागतो तेथपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर गिऱ्हाइकाने मोजून कळवायचे, तेवढी गोफाची अर्धी लांबी धरायची आणि तिच्या दुपटीइतकी वीण घालायची. गिऱ्हाइके हे माप घरात, उन्हाळ्यात, अंगातल्या टी-शर्टवरून घेत, कारण हंगामाआधी गोफ हाती यावा म्हणून मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी लागे. आकडे १७ इंचांच्या आसपास येत आणि गोफांची अर्धी लांबीही तितकीच होई. पहिल्याच हंगामात त्यांतला एक परत आला. तक्रार अशी की थवा खाली आल्यावर बंदूक खांद्याला लावताना दस्ता थेट कॉलवर आदळला, नेम चुकला आणि कॉलच्या कडेचा टवका उडाला. जो कॉल छातीच्या हाडाच्या टोकाशी लोंबायला हवा होता तो गळपट्टीच्या हाडापर्यंत वर चढला होता, आणि उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याचा दस्ता नेमका उजव्या गळपट्टीच्या हाडाखालच्या खळग्यात बसतो.

असे का झाले याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. दोर मानेमागून ढोबळमानाने अर्ध्या वर्तुळाने फिरतो, आणि मानेभोवती १ इंच जाडीचा थर आला, मग तो कोटाची कॉलर असो, टोपडे असो की मफलर, तर त्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १ इंचाने वाढून त्याची लांबी सुमारे ३.१४ इंचांनी वाढते. ही वाढ दोन्ही बाजूंनी मिळून गोफाच्या लांबीतूनच वजा होते, म्हणजे पुढचे टोक सुमारे दीड इंच वर सरकते. त्यात छातीवरच्या कपड्यांची जाडी आणि कोटाच्या आत घातलेला लोकरीचा स्वेटर मिळवला की अडीच-तीन इंच कसे गेले ते कळतही नाही. परत आलेल्या गोफाच्या मालकाने पाठवलेल्या छायाचित्रात त्याच्या अंगावर चार कपडे होते.

यावर सरसकट सगळेच गोफ लांब करणे हा उपाय सोपा वाटला, पण तो लगेच अंगाशी आला. पाण्यात उभ्या असलेल्या ओकच्या रानात शिकारी गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. त्याच्या अंगात वेडर्स म्हणजे बुटांसकट एकसंध असलेली, छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार असते. तो पाण्यावर मांडलेली लाकडी किंवा प्लास्टिकची नकली बदके उचलण्यासाठी वाकला की लांब गोफाचे कॉल पाण्यात बुडतात. पाणी आत गेले की पाती तिच्या खालच्या पट्टीला चिकटते आणि कॉल मुका होतो. याहून वाईट म्हणजे बॅरलमध्ये केवळ घट्टपणावर बसलेला इन्सर्ट भिजून, हिसका बसून निसटतो आणि गढूळ पाण्यात कायमचा जातो. तेव्हा एका बाजूला दस्ता आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशा दोन हद्दींच्या मधली, फार तर तीन-चार इंचांची जी जागा उरते, तिच्यात गोफाचे टोक पडले पाहिजे. पूर्ण पोशाखात, ताठ उभे असताना कॉलची खाच छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी यावी, हा ठोकताळा दोन हंगामांनी पक्का झाला आणि पुढे तो बदलावा लागला नाही. टी-शर्टवर १७ इंच भरणाऱ्या माणसाला बहुधा १९ ते २० इंच अर्ध्या लांबीचा गोफ लागतो. जे शिकारी चालताना कॉल वेडर्सच्या छातीच्या कप्प्यात खोचून ठेवतात त्यांचा अपवाद करावा लागतो. त्यांना कप्प्याच्या तोंडापेक्षा इंचभर जास्त लांबी लागते, नाहीतर वाकताना कॉल आपोआप बाहेर येतात.

मुख्य गोफाइतकाच ड्रॉपच्या लांबीचा प्रश्न नाजूक असतो, आणि गिऱ्हाइकाला तर त्याची कल्पनाच नसते. सगळे ड्रॉप एकाच लांबीचे केले तर चालताना कॉल एकमेकांवर आपटतात, आणि ॲक्रिलिकवर ॲक्रिलिक आपटल्याचा कट्-कट् आवाज पहाटेच्या शांततेत फार लांब जातो. म्हणून शेजारच्या दोन ड्रॉपमध्ये निदान एका कॉलच्या अर्ध्या लांबीइतका फरक ठेवावा लागतो. ड्रॉप फारच आखूड असला तर एक कॉल ओठांकडे नेताना सगळा गोफ उचलला जातो आणि बाकीचे कॉल हनुवटीखाली गोळा होतात. चार-पाच इंच मोकळा ड्रॉप मिळाला की हवा तो एकटाच वर येतो. क्रमही महत्त्वाचा. अमेरिकेच्या संघीय नियमाप्रमाणे बदकांची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू करता येते, म्हणजे जोराने साद घालण्याचा मॅलार्डचा कॉल, चरत्या बदकांची कुजबुज काढण्याचा मऊ आवाजाचा कॉल, पिनटेल आणि टील या बदकांसाठीची खरी शिट्टी आणि कुत्र्याला परत बोलावण्याची शिट्टी हे सगळे अंधारात, हातमोजे घालून, नजर आकाशाकडे असताना केवळ स्पर्शाने ओळखावे लागते. कुत्र्याची शिट्टी सर्वांत उंच आणि दस्त्याच्या विरुद्ध बाजूस, मुख्य कॉल सर्वांत खाली, ही मांडणी बहुतेकांना मानवली. डावखुऱ्या शिकाऱ्यासाठी ती आरशात पाहिल्याप्रमाणे उलट करावी लागते, आणि मागणीच्या वेळी कोणीही आपण डावखुरे असल्याचे आपणहून सांगत नाही.

फासाचे माप हा वेगळाच हिशेब आहे. एखाद्या कॉलच्या खाचेचा व्यास २० मिलिमीटर असेल तर तिचा घेर सुमारे ६३ मिलिमीटर होतो, पण फास खाचेत पोचण्याआधी नळीच्या रुंद कडेवरून सरकावा लागतो, आणि त्या कडेचा व्यास ३२ मिलिमीटर असेल तर तेथे १०० मिलिमीटरचा घेर लागतो. या ३७ मिलिमीटरच्या फरकामुळे ठराविक मापाची बंद कडी कधीच चालत नाही. सरकणारी गाठ असलेला सरफास करावा लागतो, जो कडेवरून ढिला जाईल आणि खाचेत आवळता येईल. कडक दोराचा फास अरुंद खाचेत नीट बसत नसल्याने त्या भागातल्या दोराचा आतला गाभा ओढून काढतात, म्हणजे उरलेली खोळ चपटी होऊन खाच भरते. काही जुने शिकारी बॅरलसाठी एक आणि इन्सर्टसाठी एक असे दोन फास मागतात. विणणाऱ्याचे काम वाढते, पण पाण्यात हरवलेल्या इन्सर्टची किंमत पाहता मागणी रास्त आहे.

गाभ्याचा उल्लेख आला, तेव्हा दोराविषयी सांगितले पाहिजे. या गोफांसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा दोर पॅराकॉर्ड होय. दुसऱ्या महायुद्धात नायलॉनच्या पॅराशूटसाठी जो दोर वापरात आला त्याचा हा वंशज, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा, बाहेर विणलेली खोळ आणि आत सहसा सात पिळाचे धागे असलेला. त्याच्या ठरलेल्या प्रकाराला ५५० पौंडांचा म्हणजे सुमारे २५० किलोंचा ताण सोसावा लागतो. चार पिपाण्या टांगण्यासाठी एवढी ताकद हास्यास्पद आहे, आणि थोडी धोक्याचीही, कारण होडीच्या यंत्रात किंवा फांदीत अडकलेला दोर तुटला नाही तर मान अडकते. मानेमागे जोराच्या ओढीने आपोआप सुटणारा चाप लावून देण्याचा आग्रह लेखकाने शेवटपर्यंत धरला. काहींनी तो काढून टाकला, हा त्यांचा प्रश्न.

पॅराकॉर्डचा खरा त्रास वेगळा आहे: कोरा दोर पहिल्यांदा भिजला की आटतो. वीण ३८ इंचांची असेल आणि दोर शेकडा ५ आटला तर जवळजवळ २ इंच जातात, म्हणजे पुढचे टोक इंचभर वर चढते, आणि दोन हद्दींच्या मधल्या जागेचा पाव ते एकतृतीयांश भाग एका पावसात संपतो. नऊवारी साडी नेसण्याआधी भिजवून आटवून घेणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नव्हते. लेखकाला मात्र ते तीन गोफ परत आल्यावर सुचले. त्यानंतर दोर कापण्याआधी कढत पाण्यात भिजवून, सावलीत पूर्ण वाळवून मगच वापरला. कातड्याचे गोफ याच्या उलट वागतात, ते वजनाने लांबतात, आणि म्हणून अर्धा इंच आखूड करावे लागतात.

दोर किती लागेल हा हिशेबही विणीच्या कोनावर ठरतो. गोल चौपेडी विणीत प्रत्येक पेड गोफाच्या सरळ रेषेशी तिरका जातो. हा कोन ४५ अंशांचा असेल तर १ इंच गोफाला प्रत्येक पेडाचा सुमारे १.४ इंच लागतो. ३८ इंच गोफासाठी एका पेडाला ५३ इंच, त्यात गाठी आणि ड्रॉपसाठी ३ फूट मिळवले की सुमारे ८९ इंच, आणि चार पेडांचे मिळून जवळजवळ ३० फूट. चपट्या, नागाच्या फण्यासारख्या दिसणाऱ्या विणीला, जिला कोब्रा वीण म्हणतात, याहून जास्त, साधारण इंचाला फूटभर दोर लागतो. क्लिफर्ड ॲश्ले यांच्या १९४४ सालच्या गाठींच्या प्रचंड ग्रंथात तीन हजारांहून जास्त गाठी आणि विणी आहेत, पण गळ्यातल्या गोफाला चौपेडी गोल वीण आणि मानेखालची रुंद पट्टी एवढे पुरते. बाकीचे सगळे हौसेचे.

कोन मात्र हातावर अवलंबून असतो आणि हात दमतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग विणलेल्या गोफाचे दोन पदर क्वचितच सारखे उतरतात. पहिला पदर घट्ट येतो, दुसरा सैल, आणि पेडांची संख्या सारखी असूनही अर्ध्या इंचाचा फरक पडून कॉल एका बाजूला झुकतात. यावर मानेच्या मध्यापासून आरंभ करून डावीकडे वीतभर, मग उजवीकडे वीतभर असे आळीपाळीने विणावे, म्हणजे हाताचा थकवा दोन्ही पदरांत सारखा वाटला जातो. वीत हे माप येथे गंमत म्हणून वापरलेले नाही. आपल्या वितेत आपल्या विणीचे किती टप्पे बसतात हे एकदा मोजून ठेवले की पट्टी न लावता कस ढिला झाल्याचे कळते.

गोफांवर आणखी एक भार असतो, तो म्हणजे कड्यांचा. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी त्यांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी चढवतात. भारतात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम केले, अमेरिकेत ते संघीय सरकारच्या बर्ड बँडिंग लॅबोरेटरीकडे आहे, आणि कॅनडाच्या जॅक मायनर यांनी तर आपल्या कड्यांवर बायबलमधील वचने उमटवली होती. शिकारीत मिळालेल्या कडीचा क्रमांक कळवल्यावर ती शिकाऱ्याला ठेवता येते, आणि शिकारी ती गोफावर ओवून मिरवतो. पुष्कळ कड्या ओवलेला पदर काठीसारखा ताठ होतो, मानेच्या वळणाशी जुळवून घेत नाही आणि पुढे निघतो. कड्या छातीच्या उतारावर, ड्रॉपच्या वर ओवाव्यात. मानेच्या वळणावर ओवू नयेत, असे प्रत्येकाला सांगावे लागते आणि थोडेच ऐकतात.

या सगळ्या हिशेबातून शेवटी जी पद्धत उरली ती पुण्या-साताऱ्याकडच्या पेठांतून बसणाऱ्या पटवेकऱ्याची होती. पटवेकरी म्हणजे मणी आणि दागिने रेशमात गाठवून देणारा कारागीर. मंगळसूत्र गाठवताना तो इंच विचारीत नाही, दोरा गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून बघतो आणि पदराखाली हवे की पदरावर हे विचारून दोऱ्यालाच गाठ मारतो. आकडा मध्ये आला की माणूस आकड्याचे माप घेतो आणि तो कुठल्या कपड्यावर, कुठल्या पवित्र्यात घेतला हे विसरतो. गाठ मारलेल्या दोऱ्यात ते सगळे आपोआप आलेले असते. तेव्हा ज्याला असा गोफ करवून घ्यायचा असेल, मग तो कॉलसाठी असो की पक्षी पाहणाऱ्याच्या दुर्बिणीसाठी, त्याने ज्या कपड्यांत तो वापरायचा ते सगळे अंगावर चढवावेत, कॉलर वर करावी, शेजाऱ्याला सुतळी धरायला सांगावी, कमरेतून एकदा पूर्ण वाकून आणि एकदा बंदूक किंवा दुर्बीण उचलून पाहावे, सुतळीला गाठ मारावी आणि ती सुतळीच पाकिटात घालून पाठवावी. इंच कळवू नयेत.